पॉवर केबलला कड्या, आणि म्हणे आवाजावरचा पडदा उठला

खर्ज
काल इथेच एकाने लिहिलं: अॅम्पच्या (अॅम्प्लिफायरच्या) पॉवर केबलला फेराइटच्या, म्हणजे तारेतला उच्च वारंवारतेचा गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय सिरॅमिकच्या, कड्या घातल्या, केबल लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवली, प्लगच्या पिना कसल्याशा द्रावणाने पुसल्या आणि 'आवाजावरचा पडदा उठला, तंबोरा सुटा ऐकू यायला लागला'. वर टोमणा, की ज्यांना फरक कळत नाही त्यांनी कान तपासून घ्यावेत.

कान ठणठणीत आहेत. आता हिशोब. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स मीटरला साधारण १२ मिलिओहम. दोन मीटरची केबल म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर, जेमतेम ०.०५ ओहम. एक अँपिअर ओढला तर ०.०५ व्होल्ट कमी होणार. भिंतीतलं व्होल्टेज दिवसभरात आपणहून याच्या कितीतरी पट हलत असतं, तेव्हा कोणाचा तंबोरा हरवत नाही! शिवाय ती वीज थेट स्पीकरला जातच नाही. ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, कपॅसिटर ओलांडून डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, होते, मग पुढचं. फेराइटचा जोर मेगाहर्ट्झमध्ये. कानाच्या २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एक कडी काहीच करत नाही. ठोकळ्यांबद्दल मी बोलणारच नाही.

श्रुतिवेडा
ती पोस्ट माझीच. नाव घ्यायलाही लाजलात.
मेगाहर्ट्झ कानाला ऐकू येत नाहीत हे मलाही माहीत आहे. पण राउटर, चार्जर, एलईडीचे ड्रायव्हर यांचा कचरा तारेतून अॅम्पच्या इनपुटला पोचला, की तिथल्या ट्रान्झिस्टरमध्ये तो रेक्टिफाय होतो आणि कानाच्या पट्ट्यात उतरतो. हे सोयीस्कर विसरलात. आणि माझ्या बायकोला यातलं काही कळत नाही, तरी तिने स्वयंपाकघरातून विचारलं, "आज काय बदललंस?"

मुरकी
सगळ्यांच्या बायका स्वयंपाकघरातूनच कशा ऐकतात? इथे अॅम्प माझा आहे, स्पीकरही मीच जुळवलेत, आणि नवरा शेजारी बसून विचारतो की बंद कधी करणार.
बाकी चालू द्या.

खर्ज
इनपुटमध्ये रेक्टिफाय होतं, मान्य. पण मग खरखर ऐकू येते, कधी चक्क रेडिओ लागतो. 'तंबोरा सुटा' होत नाही. दुसऱ्या कोणाला गुपचूप केबल बदलायला सांगा. १६ पैकी १२ वेळा बरोबर ओळखलंत तर मी गप्प. नुसत्या अंदाजाने तेवढं जमायची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. आणि जुनी केबल उपसून तीच परत खोचण्याचीही एक फेरी ठेवा. पिना घासल्या गेल्या तरी संपर्क सुधारतो.

श्रुतिवेडा
मी गाणं ऐकायला बसतो, परीक्षेला नाही.

रिकामा सॉकेट
दोघंही वेळ घालवताय. माझ्याकडे स्पीकरमधून सतत घूंऽऽ यायचं. कड्या घातल्या, जाड केबल आणली, शून्य फरक. शेवटी अॅम्पच्या प्लगच्या अर्थच्या पिनेला टेप गुंडाळली. एकदम शांत! फुकटात.

फ्यूजवाला
ती टेप आत्ता काढा. हे वाचून होण्याआधी.
आत लाइव्ह तार सुटून धातूच्या डब्याला टेकली, तर अर्थ असताना फ्यूज उडतो. तुमच्याकडे डबाच जिवंत होणार, आणि इंटरकनेक्टमधून (यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या तारांमधून) पुढची सगळी यंत्रंही. लोकांची वायरिंग करून पोट भरतो मी. असले टेपवाले प्लग बघितले की हात थरथरतात.

रिकामा सॉकेट
इतकी वर्षं काही झालं नाही. आणि दोन पिनांची यंत्रं बाजारात मिळतातच की. ती काय जीव घेतात?

फ्यूजवाला
त्यांचं इन्सुलेशन मुळातच दुहेरी असतं, म्हणून अर्थ लागत नाही. तुमच्या अॅम्पला तिसरी पिन शोभेसाठी दिली असं वाटतं का? 'काही झालं नाही' असं सांगणारेच उरतात सांगायला.

मुरकी
फ्यूजवाला, मुद्दा बरोबर, ओरडणं कमी करा.
सॉकेटराव, तो ग्राउंड लूप आहे. दोन यंत्रं दोन वाटांनी अर्थला जोडली गेलीत. टीव्ही जोडलाय का? त्याची अँटेनाची केबल काढून बघा. घूं थांबलं तर तिथे आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थची वाट तोडणारा) लावा. नाहीतर सगळं एकाच बोर्डावर घ्या, किंवा सिग्नलच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर.

खर्ज
धागा केबलच्या कड्यांचा होता, आठवण करून देतो.

मुरकी
मग हेही घ्या, तुमच्या पक्षाला आवडणार नाही. मेन्सवर (भिंतीतल्या विजेवर) थोडा डीसी चढला की टोरॉइडल, म्हणजे कडीसारखा गोल, ट्रान्सफॉर्मर सॅच्युरेट होतो (गाभ्यात आणखी चुंबकत्व मावत नाही) आणि डबाच गुरगुरतो. माझा गुरगुरायचा. डीसी ब्लॉकर लावला, थांबला. म्हणजे पॉवर केबलच्या वाटेत लावलेली एक वस्तू खरंच उपयोगी पडली.

खर्ज
गुरगुर थांबते, हे मोजता येतं. पडदा उठल्याचं मीटर दाखवा, लगेच मानतो.

श्रुतिवेडा
वा! म्हणजे 'पॉवरच्या तारेत काही लावून काही होत नाही' यावरून 'काही वस्तूंनी होतं' इथवर आलात. प्रगती आहे.

रिकामा सॉकेट
टेप काढली. घूं परत आलं. अँटेनाची केबल उपसली, घूं बंद. मुरकीताई, आयसोलेटर कसा निवडायचा ते सांगा. फ्यूजवाल्यांचे आभार मानणार नाही, आधी बोलायची रीत सुधारा.

फ्यूजवाला
नका मानू. टेप निघाली ना?

श्रुतिवेडा
आणि माझ्या कड्या जिथे आहेत तिथेच राहतील. ठोकळेही.