रोज चालूनही खुर्चीतून उठताना जोर का पुरत नाही?

पायपीट: वय ६८, वजन ६० किलो, रोज ४-५ किमी चालणं, दम लागत नाही. तरी खुर्चीतून उठायला हाताचा आधार लागतो आणि ठेच लागली की तोल सावरत नाही. मांडीचा घेर तर तेवढाच आहे. मग कमी काय झालं?

मांसपेशी: वेग. चालायला स्नायूतले मंद तंतू (टाईप १) पुरतात; अडखळल्यावर पाय चटकन पुढे टाकायला जलद तंतू (टाईप २) लागतात. वयानुसार मज्जारज्जूतल्या चालक चेतापेशी (स्नायूंना हुकूम देणाऱ्या) मरतात आणि त्यांचे तंतू पोरके होतात. काहींना शेजारची मंद चेतापेशी दत्तक घेते, मग तेही मंद होतात. बाकीचे जातात. संशोधक लेक्सेल यांनी १९८८ मध्ये मृतांच्या मांडीचा अख्खा स्नायू कापून तंतू मोजले होते: विशी ते ऐंशीत आकार सुमारे ४० टक्के घटलेला, मुख्यतः तंतूच कमी झाल्यामुळे, उरलेल्यांत बारीक झाले ते प्रामुख्याने जलद. घेरावर जाऊ नका, रिकामी जागा चरबी भरते.

उठबस: आधी मोजा. हात छातीवर घडी, खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उठून बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर वयानुसार होणाऱ्या स्नायूक्षयाच्या आशियाई निकषांनुसार ते कमजोरीचं लक्षण.

मग व्यायाम: उठताना जमेल तितक्या झटक्यात, बसताना सावकाश, २-३ सेकंद. ६-८ वेळा, दोन-तीन सेट, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून दोन दिवस. खुर्ची भिंतीला टेकवून. हात लावावाच लागत असेल तर सीटवर उशी ठेवून उंची वाढवा. लेग प्रेस (पायांनी वजन ढकलायचं यंत्र) असेल तर एकदाच जेमतेम उचलता येईल त्याच्या ४०-६० टक्के वजन.

पायपीट: तिसऱ्या सेटला वेग पडतो. तरी आठ पूर्ण करायचे का?

उठबस: नाही, तिथेच थांबा. रखडत केलेले शेवटचे दोन-तीन दमवतात, वेग शिकवत नाहीत. लोक नेमकं इथेच चुकतात.

मांसपेशी: एक भर. पहिले तीन-चार आठवडे सगळं सावकाशच करा, कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) सवय होऊ द्या. श्वास रोखू नका, रक्तदाब उसळतो, उठताना सोडायचा. ६० किलोला रोज ६०-७२ ग्रॅम प्रथिनं हवीत, नुसत्या वरण-भातावर ती भरत नाहीत. अंडी, पनीर, उसळ हवी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या.