टीएटीच्या गोष्टींवरून मुलाचा स्वभाव किती खात्रीने सांगता येतो?

समुपदेशक_रत्नागिरी:
मिरकरवाडा बंदर परिसरातल्या नववीच्या मुलांसाठी टीएटी (चित्र पाहून गोष्ट सांगायची मानसशास्त्रीय चाचणी) वापरायचा विचार आहे. बहुतेक घरं मासेमारीवर चालणारी. वीसही कार्डं दाखवावीत का? आणि गोष्टींवरून ‘मुलगा अमुक स्वभावाचा आहे’ असं पालकांना लिहून देता येईल का?

कातळसडा:
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. टीएटीतून विचारायचे प्रश्न मिळतात, निकाल मिळत नाही.

ही चाचणी रचणाऱ्या हेन्री मरे यांच्या १९४३च्या संचात ३१ कार्डं आहेत, त्यातलं १६ नंबरचं कोरं. वय आणि लिंग पाहून २० निवडायची आणि दोन बैठकींत दाखवायची, अशी मूळ पद्धत. आता बहुतेक जण ८ ते १२ वरच थांबतात, कारण थकलेलं मूल गोष्टी आखूड करतं आणि ती आखूड गोष्ट उगाच ‘दडपण’ म्हणून वाचली जाते. काय चाललंय, आधी काय झालं, माणसांच्या मनात काय आहे, शेवट काय, एवढंच सुरुवातीला सांगा. काही राहिलं तर ‘पुढे काय झालं?’ इतकंच विचारा. ‘त्याला राग आला का?’ असं विचारलंत, तर गोष्टीतला राग तुमचा. मुलाच्या बोलीतच शब्दन् शब्द उतरवा. प्रमाण मराठीत आणताना नेमकी भावना गळते.

खाडीपलीकडे:
विश्वसनीयता (म्हणजे पुन्हा मोजलं तरी गुण तेच येणं) एकच नसते, तीन वेगवेगळ्या असतात. ठरलेली गुणांकन पद्धत असेल (मॅक्लेलंड यांची सिद्धिप्रेरणेची, म्हणजे यश मिळवण्याच्या ओढीची, किंवा माणसांकडे आणि नात्यांकडे कसं पाहिलं जातं ते मोजणारी वेस्टन यांची एससीओआरएस, जिच्या नंतरच्या ‘जी’ आवृत्तीत प्रत्येक परिमाणाला १ ते ७ गुण असतात) आणि दोघांनी तिचा नीट सराव केलेला असेल, तर त्यांचे गुण चांगले जुळतात. कार्डाकार्डांतली सुसंगती मात्र कमीच येते, कारण प्रत्येक चित्र वेगळा विषय काढतं. पुनर्चाचणीचं तर मोठं कोडं आहे. दुसऱ्यांदा बसलेल्याला वाटतं, आता नवी गोष्ट सांगायला हवी. विंटर आणि स्ट्यूअर्ट यांनी १९७७मध्ये दाखवलं, की ‘गोष्ट आधीसारखी आहे की वेगळी, याची चिंता नको’ एवढं सांगितलं तरी दोन वेळचे गुण बरेच जुळतात. अंदाजाने वाचलेल्या गोष्टींना यातला कुठलाच आधार मिळत नाही, आणि व्यवहारात चालतं ते बहुतांशी असंच वाचन!

शाकारणी:
ताई, १२ बीजी हे कार्ड जपून वापरा. ओढ्याकाठी ओढून ठेवलेली होडी, माणूस एकही नाही. ठरीव वाचन म्हणजे एकटेपणा, उदासी. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर काढून शाकारलेल्या असतात. ‘पावसाळा आहे, होडी वर घेतली, बाबा जाळं विणतायत’ ही या मुलांची रोजची माहिती आहे. यात पोकळी शोधू नका. उमा चौधरींचा भारतीय संच मिळाला तर चेहरे-पेहराव जवळचे वाटतील, तरी बंदरावरची मुलं काय सांगतात याची नोंद आपली आपणच जमवावी लागते.

कातळसडा:
अहवालात ‘आक्रमक’ लिहू नका. ‘१० पैकी ६ गोष्टींत भांडण बाहेरचा मोठा माणूस मिटवतो, मुलाखतीत पडताळावं’ असं लिहा. ३ बीएम या कार्डात मुलाशेजारी पिस्तूल पडलेलं आहे. त्यावर किंवा कुठल्याही कार्डावर जीव देण्याची गोष्ट आली, तर गुणांकन बाजूला ठेवा. त्याच दिवशी मुलाला थेट विचारा, घरच्यांना बोलवा, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबरही देऊन ठेवा.