स्वयंपाकघर पाडताना उखळ निघालं: तुमच्या ओट्याचे अनुभव सांगा

बाळीवेस_अक्का

काल सकाळी गवंड्यानं स्वयंपाकघरातली शहाबादी उचकटली आणि हाक मारली, "मावशी, हितं दगड लागलाय, फोडू का?" जाऊन बघते तर आमचं उखळ. तोंडापर्यंत वाळू भरून बुजवलेलं. मी तिथंच खाली बसले.

सोलापुरात बाळीवेशीत घर आहे आमचं. १९८८ साली लग्न होऊन आले तेव्हा वर माळवद होतं. चूल, शेजारी वैल, धूर जायला वर सानं, आणि खिडकीखाली जमिनीत पुरलेलं उखळ. आमच्या मामी, म्हणजे सासूबाई, त्यात शेंगाची चटणी कुटायच्या. शेंगदाणे भाजून, टरफलं पाखडून, लसूण, जिरं, तिखट, मीठ. तेल सुटेपर्यंत हात थांबायचा नाही.

१९९६ ला माळवद काढून स्लॅब टाकला. ह्यांनी हौसेनं कडप्प्याचा उभा ओटा करून घेतला आणि उखळ आड येतंय म्हणून बुजवलं. मामी काही बोलल्या नाहीत, पण उभ्यानं भाकरी त्यांनी कधीच थापली नाही. गॅस खाली घ्यायच्या, काटवट पुढ्यात, एक पाय पसरून बसायच्या. आम्हाला वाटायचं जुन्या वळणाच्या आहेत. खरं कारण मला माझा खांदा धरला तेव्हा कळलं. ओटा ३४ इंच, मामी पाच फुटांच्याही आत. परातीत जोर द्यायचा तर खांदे कानाला लागायचे. ओटा बांधताना किती उंच पाहिजे हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. २०११ ला गेल्या त्या.

आता फेब्रुवारीत मुलाचं लग्न आहे म्हणून सगळं नवीन करायलोय. गवंडी गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आत देतो म्हणालाय. तुमच्याकडे स्वयंपाकघर बदललं तेव्हा काय चुकलं, काय बरं झालं, ते सांगा. वाडा असो, फ्लॅट असो, चाळ असो. उखळ अजून तसंच आहे, गवंड्याला हात लावू दिला नाही.

भाकरतुकडा

अक्का डोळ्यात पाणी आलं. ३४ इंच हा आकडा सगळ्या गवंड्यांच्या तोंडात बसलाय. माझ्याकडेही तसाच करत होते, मी थांबवलं. सरळ उभं राहायचं, कोपर दुमडायचं आणि कोपरापासून चार इंच खाली ओटा धरायचा. माझा ३१ आला. भाकरी थापायला त्याहून खाली लागतं, कारण परातीची उंची वर येते आणि वरून वजन टाकावं लागतं. म्हणून खिडकीजवळ दोन फुटांचा तुकडा २८ इंचावर वेगळा केला. शेगडी ३१ वर, परात २८ वर. पाठ दुखायची थांबली.

जुळे_सोलापूर_२बीएचके

आमचं ७ बाय ८ चं किचन, बिल्डरनं दिलेला कडप्पा. चिंचेचं पाणी सांडून चार पांढरे डाग पडलेत. लिंबू पिळलं की अजून एक. घासून घासून थकले.

दगडवाला

ताई तो घासून जाणार नाही. कडप्पा आणि शहाबादी दोन्ही चुनखडीचे दगड. आंबट लागलं की वरचा थर विरघळतो, तो डाग नाही, खड्डाच असतो बारीक. पॉलिशवाला बोलावला तर निघेल, पुढच्या आमटीला परत येईल. ओट्याला ग्रॅनाइट घ्या, त्याला चिंच-लिंबू काही करत नाही. काळा नको असेल तर आपल्याला इलकलचा लाल जवळ पडतो.

पण अक्का, जमिनीची शहाबादी काढून टाकू नका. चांगल्या जाडीची आहे, परत तासून बसवता येते. मे महिन्यात ४४ अंशात त्यावर पाय गार राहतात. चकचकीत टाइल्सवर तेलाचा थेंब पडला की माणूस आडवा. आमच्या आईचा खुबा तसाच मोडला.

शेंगापोळी

बाप रे. आता कशा आहेत आई?

दगडवाला

चालतात आता काठी घेऊन. भाकरी त्यांचीच अजून.

पुण्यातली_सोलापूरकर

मला ओटा नको, मला चटणीचं सांगा. मिक्सरमध्ये केली की कोरडा भुगा होतो, तेल सुटतच नाही. काय चुकतंय?

शेंगापोळी

मिक्सर कापतो, मुसळ चेचतं. एवढाच फरक. थांबून थांबून फिरव, एकदम नाही. मग काढून खलबत्त्यात थोडी थोडी घेऊन चेच. लसूण शेवटी घाल. दाणे गरम असताना फिरवू नको, गोळा होतो.

पुण्यातली_सोलापूरकर

खलबत्ता पितळी चालेल का? शो-केसमध्ये ठेवलाय 😄

शेंगापोळी

मीठ-तिखट आहे गं, पितळेत नको. दगडी घे.

पूर्वभाग

आमचं घर मागाचं. पुढच्या खोलीत हातमाग, नंतर पॉवरलूम, मागं सहा फुटांत पडदा लावून स्वयंपाक. स्वयंपाकघर असं वेगळं नव्हतंच. कापसाचं तूस उडायचं, आमटीत पडायचं. म्हणून आमच्या घरात झाकण नसलेलं भांडं नाही, पाण्याच्या तांब्याला पण झाकण. मागाचा आवाज एवढा की अम्मा जेवायला हाक मारायची नाही, ताटावर वाटी आपटायची.

अम्मा विड्या वळायची. एकीकडं सूप मांडीवर, एकीकडं चुलीवर भात. ती जागेवरून न उठता सगळं करायची, सगळं हाताला लागायचं. मीठ, तेल, चिमटा, पानं, तंबाखू. पुढं कुंभारीला विडी कामगारांच्या घरकुलात गेलो. पहिल्यांदा ओटा, पहिल्यांदा आतमध्ये नळ. अम्मा तीन दिवस ओट्याला हात फिरवत होती. आणि चौथ्या दिवशी म्हणाली, लई चालावं लागतंय इथं. पाच पावलांचं घर होतं ते! पण तिला खरंच चालावं लागत होतं, आधी शून्य पावलं होती.

मी एक केलं. तिच्या हाताच्या अंतरावर भिंतीत दोन फळ्या मारल्या, मीठ-तेल-डाळ तिथं. आता मी ट्रॉली वगैरे बसवलंय पण त्या दोन फळ्या काढल्या नाहीत.

खिडकी_पूर्वेला

पूर्वभाग, तुमचं हे वाचून राहवलं नाही. मी आर्किटेक्ट आहे, सात रस्त्याला ऑफिस. आम्हाला कॉलेजात १९२६ चं फ्रँकफर्ट किचन शिकवतात. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन बाईंनी कामगारांच्या घरांसाठी केलेलं. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं चिंचोळं स्वयंपाकघर बघून त्यांनी बाईची पावलं कशी वाचतील ते बसवलं. प्रत्येक वस्तूला जागा, डाळ-पिठाला ओढायचे डबे. आजच्या मॉड्युलरची आजी म्हणा. तुमची अम्मा तेच करत होती, फक्त बसून.

अडचण तिथंच आहे. ते स्वयंपाकघर उभ्यानं, एकटीनं काम करणाऱ्या बाईसाठी होतं. आपल्याकडं वेळ अमावास्येच्या सणाला चार बायका भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे करत बसतात. त्यांना ओटा नको असतो, जमीन लागते. मी आता जुन्या घरांत काम करते तेव्हा आधी विचारते, सणाला किती जणी असता, कुठं बसता. मधली ६ बाय ६ जागा मोकळी ठेवते आणि बेट-बिट, म्हणजे मधोमधचा सुटा ओटा, काढून टाकायला लावते. फोटोत छान दिसतं ते बेट. आपल्या घरात पुरण वाटायला बसलेल्या माणसाला ते वळसा घालायला लावतं.

अक्का, तुम्हाला दोन गोष्टी नक्की सांगते. सिलिंडर कपाटात ठेवणार असाल तर दाराला खालच्या बाजूला भोकं पाडून घ्या. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो, वरच्या जाळीनं बाहेर जात नाही. आणि सिंकखाली लाकूड नकोच. प्लाय लावायचाच तर वॉटरप्रूफ, शिक्का बघून, आयएस ७१० लिहिलेला. साधा प्लाय फुगतो.

वाळवी_ग्रस्त

प्लाय लावूच नका!!! माझी सगळी कपाटं खाल्ली वाळवीनं, चार वर्षांत. आता कडप्प्याचे उभे पाट आणि त्यात स्टीलच्या ट्रॉल्या, लाकूड फक्त दारांना. दार गेलं तर दार बदलता येतं.

भाकरतुकडा

+१ आमच्याकडं पण तसंच. सुतार आधी नाक मुरडत होता.

होटगी_रोड

पाण्याचं कुणीच बोलंना. मी मोबाइलवर फोटो बघून किचन केलं. पांढरं, हँडल नसलेलं, भिंतीभर कपाटं. झालं, आणि मग लक्षात आलं की पिंप कुठं ठेवायचं? आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड. त्या फोटोतल्या घरात रोज येत असणार. २०० लिटरचं निळं पिंप दीड वर्ष हॉलमध्ये सोफ्याशेजारी होतं. पाहुणे आले की त्यावर सोलापुरी चादर घालायचे.

शेवटी फ्रिज बाहेर काढला आणि त्या जागी पिंप. आता सगळ्यांना सांगते, २ बाय २ चा कोपरा आधी आखा, खाली फरशीला मोरीकडं उतार द्या, वर नळ काढा, मग उरलेल्या जागेत डिझाइन. आणि बोअरचं पाणी सिंकला जोडलंय, काळ्या सिंकवर पांढरा क्षार. व्हिनेगर लावून पुसावं लागतं. स्टीलचंच घ्या साधं.

जुळे_सोलापूर_२बीएचके

व्हिनेगर कडप्प्यावर सांडू देऊ नका म्हणजे झालं 😀 दगडवाले दादा रागावतील

होटगी_रोड

अगं बाई, हो की! बरं झालं सांगितलंस, ओटा कडप्प्याचाच आहे.

ठेचा_फोडणी

चिमणीचा अनुभव. महागातली घेतली, आवाज विमानासारखा, ओढ काहीच नाही. कंपनीच्या माणसानं येऊन बघितलं तर पाइपाला तीन वळणं. बसवणाऱ्यानं बाहेरची भिंत फोडायचा कंटाळा केला होता. एका वळणावर आणल्यावर ठेच्याची मिरची भाजली तरी शेजारचे खोकत नाहीत. शेगडीपासून अडीच फुटांच्या वर लावू नका. ज्यांचं बजेट नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नका, छताजवळ साधा एक्झॉस्ट पंखा आणि समोर उघडणारी खिडकी, भरपूर होतं.

बाळीवेस_अक्का

सगळ्यांचे धन्यवाद, वाचतेय. पोरीचं, म्हणजे होणाऱ्या सुनेचं माप पण घ्यायला सांगितलंय. ती साडेपाच फूट आहे. मी ४ फूट ११.

भाकरतुकडा

मग शेगडी तिच्या मापानं आणि परात तुमच्या.

शुक्रवार_पेठ

माझा अनुभव थोडा वेगळा. २०१९ ला आईला अर्धांगवायू झाला. डावा हात गेला. स्वयंपाक तिचा जीव होता, पण ओटा उभा. चार महिने ती दाराच्या चौकटीत खुर्ची लावून बसायची आणि मी फोडणी घातली की "मोहरी तडतडू दे" एवढंच म्हणायची. एके दिवशी मीच ओट्याखालचं एक कपाट काढून टाकलं. गुडघे आत जातील एवढी जागा झाली, ओट्याचा तेवढा भाग कापून खाली घेतला, जेवणाच्या टेबलाएवढा. शेगडी एका बर्नरची. ताट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं.

पहिल्या दिवशी तिनं एका हातानं पिठलं केलं. मीठ जास्त झालं होतं. वडील दोनदा मागून जेवले. ते स्वयंपाकघर दिसायला विचित्र आहे, पाहुणे विचारतात. मी बदलणार नाही.

शेंगापोळी

🙏 काय लिहू.

खिडकी_पूर्वेला

दादा, एक काम कराल? शेगडीची बटणं पुढच्या बाजूला असलेली घ्या. बसलेल्या माणसाला ज्योतीवरून हात न्यावा लागू नये. बाकी तुम्ही केलंय ते अगदी बरोबर.

शुक्रवार_पेठ

पुढंच आहेत मॅडम. आईनंच सांगितलं होतं.

अक्कलकोट_नाका

उशिरा वाचलं. चाळीतली १० बाय १० ची खोली, आम्ही सात जण. गिरणी चालू होती तेव्हा आजोबांची पाळी बदलली की चूल पेटायची वेळ बदलायची. मांडणीवर पितळी डबे उंचीनं लावलेले, रविवारी चिंचेनं घासायला आम्हा पोरांना बसवायचे. ते डबे माझ्याकडं आहेत, पण नवीन ट्रॉलीत बसत नाहीत, उंचीला दोन इंच जास्त. सुताराला बोलावलंय. डबे कापायला नाही, ट्रॉली बदलायला.

पुण्यातली_सोलापूरकर

चटणी जमली!! तेल सुटलं!!

होटगी_रोड

गड्ड्याला येणारेस का यंदा? ये, भोगीची भाकरी करू. तीळ लावून.

पुण्यातली_सोलापूरकर

सुट्टी मिळाली की. पाणी कुठल्या दिवशी येतं ते आधी सांग, धुणं घेऊन येते सगळं.

बाळीवेस_अक्का

गवंड्याशी आज बोलले. उखळ हलवत नाही. खिडकीखालचा ओट्याचा भाग तेवढा सोडायचा, तिथं जमीन मोकळी, उखळाभोवती जुनीच शहाबादी परत बसवायची. तोंडावर दगडी झाकण म्हणजे पाय अडकणार नाही. तीन फूट ओटा कमी होतो, दोन ट्रॉल्या जातात. मुलगा म्हणाला जाऊ देत. वाळू काढली, आत धुतलं. तळ अजून गुळगुळीत आहे, मामींच्या हातचा.

मुसळ मात्र नाही. स्लॅबच्या वेळी बंबात गेलं असणार, आठवत नाही कुणाला. बाजारात विचारलं तर शोभेची मिळतात, हलकी.

दगडवाला

बाभळीचं आहे आमच्याकडं, खाली लोखंडी कडं बसवलेलं. आईचं. तिला आता उचलत नाही. विचारलं तिला, म्हणाली कुटणाऱ्या घरात जाऊ दे. शनिवारी दुपारी बाळीवेशीत आणून देतो, घर कुठल्या बोळात ते फक्त सांगा.