मदत हवी आहे: मुलाने जर्मनीकडून खेळावं की क्रोएशियाकडून? आणि इंडियाचं अण्णांना काय सांगू?

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली, गेली १९ वर्षं स्टुटगार्टला. नवरा इथेच जन्मलेला पण क्रोएशियन. १९६८ मध्ये पश्चिम जर्मनी आणि युगोस्लाव्हियाचा कामगारांचा करार झाला, त्यानंतर जे लोक इकडे कारखान्यात आले त्यातले माझे सासरे. दोन वर्षांत परत जायचं म्हणून आले आणि इथलेच झाले. आमचा मुलगा जानेवारीत १६ पूर्ण झाला. जर्मन त्याची शाळेची आणि मित्रांची भाषा, क्रोएशियन आजीशी म्हणजे बाकाशी बोलण्यापुरती बरी येते आणि मराठी तो माझ्या वडिलांकडून शिकलाय त्यामुळे ती अस्सल पेठेतली आहे, 'काय लावलंय ह्ये' वगैरे.

फुटबॉल त्याला कुणी शिकवला असं नाही, घरात होताच. अण्णा (माझे वडील) तालमीच्या टीमकडून सेंटर हाफ खेळायचे, शाहू स्टेडियमवर मॅच असली की आमच्याकडे जेवणं दुपारी बाराला उरकायची. ज्यांना कोल्हापूर माहितीय त्यांना सांगायला नको. इकडे सासरेही तसेच. लेक सध्या इथल्या एका क्लबच्या यू-१७ (१७ वर्षांखालच्या) संघात राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, खेळतो, गेल्या वर्षी वुर्टेम्बर्गच्या निवड संघात होता.

आता मुद्दा. तीन आठवड्यांपूर्वी क्रोएशियन फेडरेशनकडून मेल आला, यू-१७ च्या कॅम्पला या, शेवटी एक मैत्रीपूर्ण सामना आहे. घरात नुसता आनंद, सासूबाई रडल्या, सासरे दोन दिवस फोनवरच होते. आणि बरोब्बर नऊ दिवसांनी क्लबच्या कोचने बोलावून सांगितलं की जर्मन असोसिएशनचा माणूस दोनदा मॅच बघून गेलाय, पुढच्या लेअरगांगसाठी (म्हणजे त्यांचा निवड कॅम्प) नाव विचारात आहे, घाई करू नका. पण नाव विचारात आहे म्हणजे बोलावणं नाही ना. तिकडे क्रोएशियाला हो-नाही कळवायचंय, त्याला पाचच दिवस उरलेत.

नवरा म्हणतो क्रोएशिया, चर्चाच नको. कोच म्हणतो थांबा. मुलगा गप्प. परवा रात्री भांडी लावताना मला हळूच विचारलं, आई, अण्णांसाठी इंडियाकडून खेळता येईल का गं? मी काही बोलूच शकले नाही. कारण अण्णा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर हेच विचारतात, "इंडियाची जर्सी घालणार का न्हाई बाळा?" आणि तो दरवेळी 'व्हय अण्णा' म्हणतो. आम्ही सगळे हसायचो. तो हसत नव्हता हे मला परवा कळलं.

पासपोर्टचं असं आहे की माझा अजून इंडियनच आहे. मुलाला जन्मापासून जर्मन नागरिकत्व आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते). क्रोएशियन नोंदणी नवऱ्याने अजून केलेलीच नाही, सोळा वर्षं 'या उन्हाळ्यात करू' चाललंय. फेडरेशनने आता तीच कागदपत्रं मागितली आहेत.

माझे प्रश्न: क्रोएशियाचा तो एक मैत्रीपूर्ण सामना खेळला तर जर्मनीचा रस्ता कायमचा बंद होतो का? ओसीआयवर इंडियाकडून खेळण्याची काहीतरी सोय आहे का? आणि तुमच्यापैकी कुणाची मुलं दोन देशांत वाढली असतील तर असा निर्णय घरात कसा घेतलात? कृपया 'मुलाच्या मनाप्रमाणे करू दे' एवढंच लिहू नका, ते करायचंच आहे, पण त्याचं मन तीन घरांत वाटलं गेलंय आणि तो कुणालाच दुखवायला तयार नाही, हाच तर प्रश्न आहे.

– स्टुटगार्टकर

प्रतिसाद: साइडलाइन

ताई, मी इंग्लंडमध्ये मुलांच्या टीमला कोचिंग करतो, हा प्रश्न आमच्याकडे दर सीझनला कुणा ना कुणाच्या घरी असतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, मैत्रीपूर्ण सामन्याने खेळाडू बांधला जात नाही. फिफा बघते ते अधिकृत स्पर्धेतले सामने, उदा. यू-१७ युरोची पात्रता फेरी. आणि ज्युनियर वयोगटात तसा सामना खेळला तरी पुढे एकदा देश बदलता येतो. पण त्यात एक अट आहे जी बहुतेक पालकांना उशिरा कळते: पहिल्या देशाकडून पहिला अधिकृत सामना खेळला त्या दिवशी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व हातात असलं तर सोपं, नसलं तर जास्तीच्या अटी लागतात. म्हणजे क्रोएशिया की जर्मनी हा प्रश्न नंतर, क्रोएशियन नोंदणी आधी. जर्मनीकडून खेळायचं पक्कं ठरलं तरीसुद्धा आधी नोंदणी. मी तुमच्या जागी असतो तर उद्या सकाळी कॉन्सुलेटला फोन केला असता.

सीनियर टीमचे नियम २०२० मध्ये थोडे सैल झाले. २१ व्या वाढदिवसाआधी जास्तीत जास्त तीन सामने खेळला असेल, शेवटच्या सामन्याला तीन वर्षं झाली असतील आणि वर्ल्ड कप किंवा युरोसारख्या मुख्य स्पर्धेत उतरला नसेल तर बदलता येतं. त्याआधी किती कडक होतं बघा, मुनीर एल हद्दादी २०१४ ला स्पेनकडून मॅसेडोनियाविरुद्ध शेवटची १३ मिनिटं खेळला, पात्रता फेरीचा सामना होता, तेवढ्यावरून २०१८ च्या वर्ल्ड कपला मोरोक्कोकडून जाता आलं नाही. क्रीडा लवादाकडे गेला, तिथेही हरला. शेवटी २०२१ ला मोरोक्कोची जर्सी मिळाली. तेरा मिनिटांसाठी साडेसहा वर्षं. तेव्हा कागद आधी करा.

आणि तुमच्याच गावचं उदाहरण आहे की. मुसियाला स्टुटगार्टला जन्मला, सातव्या वर्षी इंग्लंडला गेला, इंग्लंडच्या यू-२१ पर्यंत खेळला, मधे जर्मनीच्या यू-१६ कडूनही खेळून आला होता आणि २०२१ ला १८ वा वाढदिवस दोन दिवसांवर असताना जर्मनी निवडली. १६ व्या वर्षी काही संपत नाही.

प्रतिसाद: बालेवाडी ते बंगळुरू

इंडियाचं मी सांगतो, वाईट वाटेल पण स्पष्टच लिहितो. ओसीआयवर नाही खेळता येत. २००८ च्या शेवटी क्रीडा मंत्रालयाने ठरवलं की भारताकडून फक्त भारतीय पासपोर्टवालाच खेळेल, त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात केस झाली, कोर्टाने धोरण कायम ठेवलं. आणि आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे एक घ्यायचं तर बाकीचे सोडायचे.

रस्ता आहे, पण लांबचा. सज्ञान झाल्यावर, ओसीआयला पाच वर्षं झालेली असतील आणि अर्जाआधी सलग बारा महिने भारतात राहिला असेल तर नागरिकत्वाला अर्ज करता येतो. हे खरंच केलेले लोक आहेत. इझुमी अराता आठवतो का कुणाला, आई जपानी, वडील गुजराती, पुणे एफसीकडून खेळायचा, बालेवाडीला त्याच्या मॅच मी बघितल्यात. जपानी नागरिकत्व सोडून २०१२ ला भारतीय झाला, २०१३ ला भारताकडून खेळला. आणि आता रायन विल्यम्स, पर्थचा जन्म, आई मुंबईची, आजोबा संतोष ट्रॉफीत बॉम्बेकडून खेळलेले, ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामनाही खेळला होता, बंगळुरूला क्लबकडून खेळत राहिला आणि २०२५ ला ऑस्ट्रेलियन पासपोर्ट सोडून आपला घेतला. ताई, ही बातमी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यासमोर पहिल्यांदा त्याचे आजोबाच आले.

पण दोघंही इथे राहत होते, मोठे होते, करिअरचा बराच भाग झालेला होता. तुमच्या मुलाने १८ व्या वर्षी जर्मन पासपोर्ट सोडला तर युरोपातल्या प्रत्येक क्लबसाठी तो बाहेरचा खेळाडू होईल, व्हिसा, परमिट, सगळं. राइट बॅकची सगळी कमाईची वर्षं तिकडेच आहेत. आत्ता नाही. हे त्याला तुम्ही सांगा, अण्णांकडून नको.

प्रतिसाद: दुधाळी

आक्का, मी पण पेठेतलाच. तुम्ही अण्णांना फार नाजूक समजताय असं मला वाटतं. त्या पिढीने फुटबॉल केलाय तो काय इंडियाची जर्सी मिळंल म्हणून नव्हं, तालमीसाठी खेळली ती माणसं. आपल्या गावातला अनिकेत जाधव २०१७ ला यू-१७ वर्ल्ड कपला भारताकडून उतरला तेव्हा अख्ख्या कोल्हापुरानं टीव्हीपुढं बसून बघितलं, अण्णांच्या मनात तेच चित्र असणार, आपला पण नातू असा. त्यात चूक काय न्हाई. पण वर्ल्ड कप आला की आपल्या गल्लीत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, तिथं नातवाच्या देशाचा झेंडा लावायला अण्णा लाजतील होय? फोन करा आणि सगळं सांगा. पोराला सोळा वर्षं 'व्हय अण्णा' म्हणायला लावलंय ते आधी सोडवा.

प्रतिसाद: झुरिचचा पाऊस

एकच भर घालते. माझ्या मुलीच्या वेळी (पोहणं, फुटबॉल नाही) आम्ही प्रत्येकाने आपापली बाजू तिच्यासमोर मांडली, ती आमची सगळ्यात मोठी चूक. शेवटी तिने नवऱ्याला आणि मला खोलीबाहेर काढलं आणि कोचशी एकटी बोलली. इथे स्वित्झर्लंडमध्ये राकितिचचं उदाहरण देतात, इथे जन्मला, इथल्या यू-२१ पर्यंत खेळला आणि २००७ ला क्रोएशिया निवडली, इथे लोक फार चिडले होते. २०१८ च्या वर्ल्ड कपला डेन्मार्क आणि रशियाविरुद्धच्या दोन्ही शूटआउटमध्ये क्रोएशियाची शेवटची पेनल्टी त्यानेच मारली. पण मी हे उदाहरण दुसऱ्या कारणासाठी देतेय, लोक चिडतील हे धरूनच निर्णय घ्या, कुणीच चिडणार नाही असा पर्याय शोधत बसलात तर पाच दिवस तसेच जातील.

स्टुटगार्टकर

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दोन दिवस लागले कारण इथे बरंच घडलं.

साइडलाइन, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला भाषांतर करून वाचून दाखवला. तेरा मिनिटांचं ऐकून तो उठला आणि फाइल शोधायला लागला. मंगळवारची कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट मिळालीय. इतकी वर्षं टाळल्याबद्दल तो मुलाला सॉरी म्हणाला.

मुलाला इंडियाचं मीच सांगितलं, बारा महिने, पासपोर्ट सोडणं, सगळं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, म्हणजे तिशीत करता येईल? म्हटलं हो, नियम असेच राहिले आणि मधे दुसऱ्या देशाशी पक्का बांधला गेला नसशील तर. मग म्हणाला कॅम्पला जातो, मैत्रीपूर्ण आहे ना, बघून येतो कसं वाटतं.

अण्णांना फोन त्यानेच लावला, मी स्वयंपाकघरात उभी. त्याने सरळ सांगितलं, अण्णा, इंडियाकडून आत्ता नाही जमणार. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग अण्णा म्हणाले, "क्रोएशिया म्हंजे त्या मॉड्रिचचा ना? चौकड्याची जर्सी?" हा म्हणाला व्हय. "आणि तुला खेळवणार कुठं?" राइट बॅक. "सेंटरला का न्हाई?" आणि त्यावर दोघं चाळीस मिनिटं भांडत होते.

कॅम्पला हो कळवलंय. जर्मनीच्या लेअरगांगचं बोलावणं आलं तर तिथेही जाणार, अधिकृत सामन्याचं नाव निघेल तेव्हा पुन्हा बसू.

एक शेवटचा प्रश्न, कुणाला पक्कं माहीत असेल तरच सांगा: वडिलांमार्फत क्रोएशियन नोंदणी केली तर नागरिकत्व जन्मतारखेपासून धरतात की नोंदणीच्या दिवसापासून? फिफाच्या त्या अटीसाठी हा फरक पडेल असं वाटतंय. मंगळवारी तिथे विचारणारच आहे, पण कुणी या कागदातून गेलं असेल तर काय काय सोबत न्यायचं तेही लिहा.