अनुभव धागा: घरी केलेल्या कागदा-पुठ्ठ्याच्या वस्तू, आणि त्या कुणासाठी केल्या होत्या

गावभागातली
परवा भाचेसुनेचा फोन आला. लेकीचं पहिलं बोरन्हाण आहे, हलव्याचे दागिने ऑनलाइन मागवते, कुठला सेट चांगला दिसतो ते सांगा म्हणाली. तिनं पाठवलेले फोटो बघता बघता मला आत्याची पत्र्याची पेटी आठवली. माळ्यावरून खाली काढली. आत तिचे पुठ्ठ्याचे साचे जसेच्या तसे! मुकुट, कंबरपट्टा, वाकी, तोडे, बासरी. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं बाळाची खूण. 'वरच्या बिऱ्हाडातली धाकटी', 'वकिलांचा नातू', आणि एका कंबरपट्ट्यावर माझं नाव.

आत्याला स्वतःचं मूल नव्हतं. पण सांगलीत आमच्या वाड्यातल्या नि गल्लीतल्या बाळांचे दागिने तिच्याच हातचे. हलव्याच्या दाण्याला भोक पाडता येत नाही, फुटतो तो. म्हणून दोन पदरी दोरा घ्यायचा, दोन पदरांच्या मध्ये दाणा धरायचा, गाठ मारायची, पुढचा दाणा, परत गाठ. अशी सर तयार झाली की सोनेरी कागद डकवलेल्या पुठ्ठ्यावर बारीक टाके घालून बसवायची. दोऱ्याचं एक टोक ती पायाच्या अंगठ्याला गुंडाळून ताणून धरायची आणि ओठ घट्ट मिटून काम करायची. तोंडाची वाफ लागली तरी हलव्याला पाणी सुटतं म्हणायची.

२०१९ च्या पुरात खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं. पेटी माळ्यावर होती म्हणून राहिली.

मी ठरवलंय, दागिने घरीच करायचे. बाजारातले देखणे असतात, मान्य. पण मागे पेन्सिलीनं बाळाचं नाव कोण लिहिणार? तुम्ही असं कागदाचं, पुठ्ठ्याचं, मण्या-टिकल्यांचं काय केलंय, कुणासाठी केलंय, अजून आहे का घरात? लिहा सगळ्यांनी.

विट्याची_लेक
ताई वाचून आऊ आठवली माझी, म्हणजे आजी. ती टोपल्या करायची कागदाच्या. वह्या, पेपर, सिमेंटच्या पोत्याचा खाकी कागद, जे असेल ते फाडून हौदाजवळच्या घंगाळात भिजत घालायचं. चांगलं गाळासारखं झालं की भिजवलेली मेथी घालून पाट्यावर वाटायचं. मेथीनं चिकटपणा येतो. मग पातेलं पालथं घालून त्यावर थापायचं आणि उन्हात वाळलं की अलगद सोडवायचं. त्यात शेवया, कुरडया, सांडगे राहायचे. आमच्या आईकडं एक अजून आहे, तिच्यात सुया, दोरे, बटणं असतात. काठाला आऊच्या जुन्या लुगड्याची पट्टी शिवलेली आहे हिरवी. आई कुणाला हात लावू देत नाही तिला

आयर्विनवरून
लगद्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आपल्या सांगलीच्या गणपती मंदिरातला चोर गणपती कागदाच्या लगद्याचा आहे. दोनशे वर्षांहून जुनी मूर्ती. चतुर्थीच्या आधी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेलाच गाजावाजा न करता बसतो, म्हणून चोर गणपती. विसर्जन करत नाहीत. कागद टिकत नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी तिथं दर्शनाला नेतो.

विट्याची_लेक
@आयर्विनवरून अगंबाई खरंच? इतक्या वेळा देवळात गेले, हे माहीतच नव्हतं. आता आईला घेऊन येते

मिरज_जंक्शन
येताना भडंग घेऊन ये माझ्यासाठी. तिखट.

तासगावचे_मास्तर
आमच्या शाळेत दरवर्षी पोरं आईसाठी हळदीचं कार्ड करतात. सांगली म्हणजे हळदीची पेठ, घरोघरी हळद आहेच. जाड पांढऱ्या कागदावर हळदीची पातळ पेस्ट लावायची आणि सावलीत वाळवायची. मग काडीला कापूस गुंडाळून साबणाच्या पाण्यात बुडवायची आणि चित्र काढायचं. काढताक्षणी लाल रंग उमटतो, पोरं अक्षरशः ओरडतात! साबण अल्कधर्मी असतो, त्यामुळं हळद लाल होते. चुना घातला तरी तेच, हळदीचं कुंकू होतं ते याच गुणानं. एकच काळजी घ्यायची. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून कार्ड मिटून पुस्तकात ठेवायला सांगतो.

एका वर्षी एक मुलगी दोन कार्डं घेऊन बसली होती. एक आईचं, दुसरं ऊसतोडीला येणाऱ्या तिच्या मैत्रिणीच्या आईचं. मैत्रीण हंगाम संपल्यावर गावी परत गेली होती. ते दुसरं कार्ड पुढच्या हंगामापर्यंत माझ्या कपाटात होतं आणि ते लोक आले तेव्हा पोहोचलं सुद्धा. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

कृष्णामाई_५
मास्तर 🙏🙏

गावभागातली
मास्तर, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. तुमच्यासारखे गुरुजी सगळ्या पोरांना मिळोत.

अजिंक्यताऱ्याखाली
मी साताऱ्याची. माहेर अपशिंगे, ज्याला सगळे अपशिंगे मिलिटरी म्हणतात. आमच्याकडं घराघरात फौजी. माझा भाऊ सीमेवर होता तेव्हा राखी पोस्टानं जायची. दुकानातल्या राख्यांना मोठे खडे, मणी. पाकीट फुगायचं, वर शिक्का पडला की मणी फुटायचे नाहीतर पाकीट फाटायचं. मग मी कागदाच्या राख्या करायला लागले. क्विलिंगच्या ३ मिलिमीटरच्या पट्ट्या सैल गुंडाळून पाण्याच्या थेंबाचा आकार दिला, असे थेंब गोल लावून फूल केलं, मध्ये एकच टिकली. सगळं मिळून जेमतेम तीन मिलिमीटर जाड. आणि त्याच पाकिटात त्याच्या जोडीदारांसाठी पण राख्या, ज्यांना बहीण नाही त्यांच्यासाठी.

तो निवृत्त होऊन घरी आला तेव्हा ट्रंकेतून सगळ्या काढून दाखवल्या. ओळीनं वहीत डकवलेल्या, खाली साल आणि कुठं पोस्टिंग होतं ते लिहिलेलं. आमच्यात तो सगळ्यात कमी बोलणारा. ती वही आता माझ्या वहिनीनं देव्हाऱ्याच्या कपाटात ठेवलीय.

चहा उतू जातोय, नंतर लिहिते

कराडची_सून
ताई किती छान. मी पण क्विलिंग करते पण रुखवतासाठी. आमच्या सासूबाईंच्या वेळचं रुखवत म्हणजे सुपारीचे भटजी, काडेपेट्यांचा सोफासेट, जुन्या पत्रिकांवरचे गणपती कापून केलेली फ्रेम. आता सगळे भाड्यानं रुखवत आणतात. मांडलं, फोटो काढले, परत. मला ते बरोबर वाटत नाही. रुखवतात मावशीचा हात, काकीचा हात, शेजारणीचा हात दिसला पाहिजे. पुतणीच्या लग्नात मी सप्तपदीची सात पावलं केली, प्रत्येक पावलावर घरातल्या एकेका बाईच्या जुन्या साडीचा तुकडा. आजेसासूंच्या इरकलीचा तुकडा पहिल्या पावलाला. नवरीनं नंतर ती फ्रेम करून घेतली

मिरज_जंक्शन
इरकल कापली?? 😳

कराडची_सून
@मिरज_जंक्शन विरलेली होती ओ, पदर तेवढा शाबूत. तो तसाच ठेवलाय

कृष्णामाई_५
कुणी सांगेल का घोटीव पेपर सांगलीत चांगला कुठं मिळतो. मुलीला आकाशकंदील करायचाय शाळेत, आत्ता जानेवारीत कशाला विचारू नका

आयर्विनवरून
@कृष्णामाई_५ मारुती चौकाच्या बाजूला स्टेशनरीची दुकानं आहेत तिथं विचारा. घेताना उजेडात धरून बघा. दिवा लागल्यावर रंग कसा दिसणार ते तिथंच कळतं.

मंडळाचा_कार्यकर्ता
आमच्या मंडळाचं सांगतो. २०१८ ला राज्यात थर्माकोलवर बंदी आली. सगळ्यांना प्रश्न पडला मखर कशाचं करायचं. गल्लीतले एक काका बुक बायंडिंग करायचे. ते म्हणाले पुठ्ठा आणा रे पोरांनो. फ्रिज-टीव्हीची खोकी गोळा केली. खोक्याचा पुठ्ठा सरळ वाकत नाही, मोडतो. काकांनी शिकवलं, एका बाजूचा कागद ओल्या फडक्यानं भिजवून सोलून काढायचा. आतल्या नळ्या उघड्या पडल्या की पुठ्ठा लुगड्यासारखा वळतो. कमानी, खांब, घुमट सगळं झालं. खळ त्यांनीच शिजवली, मैदा आणि पाणी, त्यात चिमूटभर मोरचूद. मोरचुदानं कसर लागत नाही, पण विषारी असतं, लहान पोरांना हात लावू द्यायचा नाही, आणि स्वयंपाकाचं भांडं तर मुळीच वापरायचं नाही. काका गेले. मखराचे खांब अजून मंडळाच्या खोलीत आहेत, दरवर्षी फक्त रंग बदलतो.

विट्याची_लेक
फेविकॉल असताना खळ कशाला

मंडळाचा_कार्यकर्ता
मोठ्या कामाला खळच. स्वस्त पडते, हळूहळू सुकते म्हणून कागद सरकवून नीट बसवता येतो, आणि पुढं कधी दुरुस्ती करायची झाली तर पाण्यानं सुटते. फेविकॉल एकदा धरला की धरला. छोट्या कामाला मात्र फेविकॉल चांगला, सुकला की दिसत नाही.

अजिंक्यताऱ्याखाली
आले परत. एक राहिलं सांगायचं. फुलं दाबून कार्ड करणाऱ्यांना हात जोडून विनंती, कासची फुलं तोडू नका. २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारशात गेलं, तोडायला बंदी आहे, आणि बंदी नसती तरी ती फुलं तिथंच शोभतात. दाबायला परसातलं भरपूर आहे. कोथिंबिरीचं पान, गाजराचा पाला, नेचा, सदाफुली. चपटं असेल ते घ्यायचं, जाड फुलं आत ओली राहून बुरशी धरतात. रद्दी पेपरच्या घडीत ठेवून वर जड पुस्तकं, आणि सुरुवातीला रोज पेपर बदलायचा. लाल फूल पुढं तपकिरी पडतं, पिवळं बऱ्यापैकी टिकतं. कोथिंबिरीचं दाबलेलं पान कार्डावर इतकं नाजूक दिसतं, लोकांना ओळखू येत नाही.

तासगावचे_मास्तर
आणि पिंपळाचं जाळीचं पान विसरू नका. पाण्यात कुजत ठेवायचं, मधून मधून पाणी बदलायचं, हिरवा भाग सुटायला लागला की मऊ ब्रशनं अलगद काढायचा. प्रत्येक पोराच्या वहीत एक तरी असायलाच पाहिजे.

सतारमेकर_गल्लीजवळ
मिरजेत सतारी-तंबोऱ्यांना जे भोपळे लागतात, त्यातले तडकलेले टाकून देतात. ओळखीच्या कारागिरांनी मला तुकडे दिले. आतून घासून गुळगुळीत केले, वर सोनेरी कागदाची नक्षी कापून लावली, छोट्या पणत्यांसारखे ठेवायला छान दिसतात (खरा दिवा लावायचा नाही, शोभेलाच). तंबोऱ्यावर ते जी वेलबुट्टी करतात तीच मी कागदात कापायचा प्रयत्न करते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा मी असा एक तुकडा करून त्या कारागिरांना दिला. त्यांनी दुकानात तारांच्या खुंट्यांशेजारी लावलाय, येता-जाता दिसतो मला.

गावभागातली
किती सुंदर सगळं. एकेक वाचतेय नि स्वयंपाक राहिलाय. भाचेसूनसुद्धा वाचतेय हं हे, तिनं ऑनलाइनचं रद्द केलं! रविवारी येतेय दोरा-पुठ्ठा घेऊन.

मिरज_जंक्शन
मग मी पण येतो भडंग घेऊन. कुणी आणत नाही म्हटल्यावर 😄

भिलवडीकर
नवीन आहे मी इथं. विषय थोडा वेगळा आहे, चालेल का? आईनं आमच्या लहानपणीच्या फोटोंचा अल्बम केला होता, प्रत्येक फोटोभोवती तिनं कागदाची वेल कापून लावलेली. पुराच्या पाण्यात गेला होता. तेव्हा वाळवून ठेवला, पण पानं एकमेकांना चिकटली आहेत. आता उघडायची भीती वाटते. आई आहे, तिला बघायचाय.

मंडळाचा_कार्यकर्ता
चालेल काय, लिहा की मोकळेपणानं. कोरडे असताना अजिबात ओढू नका, फोटोचा वरचा थर निघून येतो.

आयर्विनवरून
@भिलवडीकर आमच्याकडं पण हेच झालं होतं २०१९ ला. फोटो स्टुडिओत धुतलेले, जुन्या पद्धतीचे असतील तर स्वच्छ गार पाण्यात ठेवून ते आपोआप सुटायची वाट बघतात, मग चित्र वर करून सावलीत वाळवतात. घरच्या प्रिंटरवर काढलेले असतील तर पाण्यात घालू नका, शाई पसरते. पण तुमच्या अल्बमात आईची कागदी वेल आहे, ती पाण्यात जाईल. म्हणून आधी जेवढी पानं उघडतात तेवढ्यांचे मोबाईलवर नीट फोटो काढून घ्या, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून. मग एक साधा, कमी महत्त्वाचा फोटो निवडून त्याच्यावर करून बघा.

भिलवडीकर
स्टुडिओतलेच आहेत, १९८० च्या आसपासचे. वेल गेली तर आईला वाईट वाटेल.

कराडची_सून
दादा, वेलीचे फोटो आले की मला पाठवा. त्यावरून ट्रेस करून तशीच कापून देते, आईंना आवडेल त्या रंगात. नाहीतर त्यांनाच कात्री द्या हातात, मी कागद पाठवते.

भिलवडीकर
आईला वाचून दाखवलं. म्हणाली हिरवा नको, तिचा जांभळा होता. आणि कात्री लहान टोकाची पाहिजे.