मदत हवी आहे: नवीन शूटर गेम पूर्ण किमतीला आत्ताच घ्यावा की थांबावं?

सावध_नेम

नमस्कार मंडळी. गेले आठ दिवस मी एकाच प्रश्नात अडकलेय. एक मोठा नवीन शूटर आलाय (नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर सगळी चर्चा कंपनीवर जाते आणि माझा प्रश्न राहतो बाजूला). माझे दोन मावसभाऊ, कॉलेजातली एक मैत्रीण आणि मी असे चौघं आम्ही कित्येक वर्षं रात्री एकत्र खेळतो, आणि आता तिघंही मागे लागलेत की चौघांनी मिळून हाच घेऊया, पहिल्या आठवड्यातच घेऊया, नंतर मजा जाते.

पैसे बाजूला काढलेले आहेत, पण मी एकदा चांगलीच पोळलेय म्हणून विचारते. तीन वर्षांपूर्वी असाच एक गेम आम्ही प्री-ऑर्डर केला, तोही डिलक्स एडिशन, ट्रेलर बघून. पहिले दोन आठवडे खरंच धमाल होती. चौथ्या महिन्यात एक मॅच लागायला दहा-दहा मिनिटं, लागली तर अर्धे बॉट (कॉम्प्युटरचे खेळाडू), आणि शेवटी एकच मोड चालू राहिला जो आमच्यातल्या कुणालाच आवडत नव्हता. कॅम्पेन (एकट्याने खेळायची गोष्ट) मी चार संध्याकाळींत संपवलं होतं. त्यानंतर पूर्ण किमतीला काही घेतलंच नाही.

आता हा नवीन. कॅम्पेन सहा-सात तासांचं आहे म्हणे, मल्टीप्लेअरला सुरुवातीला मोजकेच मॅप, बाकी सगळं रोडमॅपवर (म्हणजे पुढे देऊ म्हणतात), वर बॅटल पास (खेळून बक्षिसं मिळवायला वेगळे पैसे). मी नेहमी किंमत भागिले तास असा हिशोब करते पण तो मला आता पटत नाहीये. टायटनफॉल २ चं कॅम्पेन सहा तासांच्या आसपासचं, पण त्यातली ती बटण दाबून भूतकाळ-वर्तमानात उड्या मारायची लेव्हल मला आजही खोलीनिशी आठवते, आणि दुसऱ्या एका गेमवर मी २०० तास घातलेत ज्यातले निम्मे बंदुकांची अटॅचमेंट अनलॉक करण्यात गेले आणि त्यातलं मला काहीही सांगता येणार नाही. मग तास मोजून काय कळतं?

माझं मशीन: आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड, त्याची ८ जीबी मेमरी (व्हीरॅम), १६ जीबी रॅम. तुम्ही नवीन शूटर घेताना नक्की काय बघता ते सांगा. "सेलची वाट बघ" एवढंच नको, कारण तोपर्यंत बाकीचे तिघं कुठल्या कुठे गेलेले असतात.

रिकामं_मॅगझिन

तासांचा हिशोब शूटरला लागू होत नाही हे बरोबर आहे तुमचं. आधी हे ठरवा की तुम्ही कॅम्पेन विकत घेताय की मल्टीप्लेअर. कॅम्पेन कुठे पळून जात नाही, ते दोन वर्षांनी घेतलं तरी तेच असतं, उलट पॅच येऊन सुधारलेलं असतं. त्यासाठी पहिल्या दिवशी पूर्ण किंमत द्यायची मला तरी गरज वाटत नाही. तुमचा प्रश्न मल्टीप्लेअरचा आहे, आणि तिथे माल म्हणजे समोर खेळणारी माणसं.

आणि रोडमॅपवर एक पैसा देऊ नका. बॅटलफील्ड २०४२ आला नोव्हेंबर २०२१ मध्ये, पूर्ण किमतीला, तेव्हा त्यात कॅम्पेन नव्हतं (ते नंतरही आलं नाही), नेहमीचा स्कोअरबोर्ड नव्हता, गेममधलं व्हॉइस चॅटसुद्धा नव्हतं, ही दोन्ही २०२२ मध्ये आली. नंतर गेम बराच सुधारला, मी आवडीने खेळलो, पण पहिल्या महिन्यात घेतलेल्यांनी अर्धवट गोष्टीचे पूर्ण पैसे भरले. आज डाऊनलोड केल्यावर जे हातात पडतं त्याचीच किंमत करायची.

रिव्ह्यू वाचताना स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) प्रत्येकाच्या नावाखाली किती तास खेळलाय ते दिसतं. एक तास खेळून शिव्या घालणारा बहुतेक वेळा क्रॅश किंवा लॉगिनबद्दल बोलत असतो, ते पॅचने जातं. ४०-५० तास खेळून नापसंती देणारा काय म्हणतो ते मात्र नीट वाचा, त्याला गेम कळलेला असतो.

उंच_पिंग

माणसांचा मुद्दा आला म्हणून. शूटर मरतो तो कधी कधी वाईट असल्यामुळे नाही तर लोक न आल्यामुळे. काँकॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद केला, दोन आठवडे, सगळ्यांना पैसे परत दिले ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. टायटनफॉल २ चंच बघा ना, २०१६ च्या ऑक्टोबरात बॅटलफील्ड १ नंतर एका आठवड्याने आणि कॉल ऑफ ड्यूटीच्या एक आठवडा आधी बाजारात आला, दोघांच्या मध्ये चेंगरला. आणि उलटंही होतं, रेनबो सिक्स सीज डिसेंबर २०१५ मध्ये आला तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती, तो हळूहळू वाढत गेला आणि वर्षानुवर्षं टिकला.

म्हणून पहिल्या वीकेंडचा खेळाडूंचा आकडा मी बघतच नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला आकडा बघतो, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशीचा, कारण आपण खेळणार तेव्हाच. सोबत दोन गोष्टी तपासा, तुमच्या जवळपास सर्व्हर आहे का आणि क्रॉसप्ले (पीसी आणि कन्सोलवाले एकत्र खेळणं) आहे का. क्रॉसप्ले असेल तर स्टीमचा आकडा कमी दिसला तरी लगेच घाबरायचं कारण नाही.

जॉयस्टिक_जुनी

चौघंही पीसीवर आहात का? कारण रिफंडचे नियम सारखे नाहीत. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळणं दोन तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत मिळतात. प्लेस्टेशनवर डाऊनलोड सुरू केलं की तो रस्ता बंद, गेममध्येच दोष असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय पीएस५ वर विकतचा गेम ऑनलाइन खेळायला प्लस सबस्क्रिप्शन लागतं, तो खर्च किमतीत धरा.

सावध_नेम

अरे देवा, धाकटा मावसभाऊ पीएस५ वर आहे आणि सगळ्यात जास्त घाई त्यालाच आहे. प्लस आहे त्याच्याकडे, पण डाऊनलोडचं मला माहीतच नव्हतं. त्याला आत्ता फोन करते.

हेडशॉट_आजोबा

ताई, मग पहिल्यांदा तुम्हीच घ्या, पीसीवर, साधी एडिशन, आणि ते दोन तास परीक्षेसारखे वापरा. लोक काय करतात, कॅम्पेनचे पहिले दीड तास खेळतात, स्फोट बघतात, खूश होतात आणि रिफंडची मुदत तिथेच संपते. कॅम्पेनला हात लावू नका.

घेण्याआधी सिक्युअर बूट (पीसी सुरू होतानाची सुरक्षा सेटिंग) चालू आहे का ते बघा, आता काही शूटरचं अँटी-चीट (फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर) त्याशिवाय गेम सुरूच होऊ देत नाही, बॅटलफील्ड ६ ला ते लागतंच. आणि गेम उघडल्यावर पहिल्यांदा शेडर (ग्राफिक्स काढणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत बसतात, तो वेळही खेळण्यात मोजला जातो, तेव्हा चालू करून जेवायला जाऊ नका. महागड्या एडिशनसोबत दोन-तीन दिवस आधी खेळायला मिळतं ना, ते तासही स्टीम एप्रिल २०२४ पासून या दोन तासांत धरतं.

मग दहा मिनिटं फायरिंग रेंजवर. तीनच बंदुका घ्या. रिकॉइल (गोळी सुटताना बंदुकीला बसणारा झटका) दर वेळी साधारण एकाच दिशेने जातो का, म्हणजे हाताला शिकता येतो का, हे मी सगळ्यात आधी बघतो. रँडम उडणारी बंदूक कधीच आपली होत नाही. डोळे मिटून ऐका, गोळी माणसाला लागल्याचा आवाज आणि भिंतीला लागल्याचा आवाज वेगळा कळतो का. रीलोड अर्ध्यात सोडून धावता येतं का. बारीकसारीक वाटेल पण पुढचे शेकडो तास तुम्ही हेच करणार आहात, त्यामुळे ट्रेलरमधल्या पडणाऱ्या इमारतीपेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

त्यानंतर मॅच, आणि सगळ्यात मोठा मॅप निवडा, ८ जीबी व्हीरॅमचा कस तिथेच लागतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात) बघू नका, धूर आणि दहा माणसं एकत्र आल्यावर किती खाली जातो ते बघा. एकसारखे ६० मिळाले तर चांगलं, ९० वरून ३५ वर आपटत असेल तर नेम कसा लागणार?

शेवटची गोष्ट, प्रत्येक वेळी मेल्यावर स्वतःला विचारा की मी का मेले. "उघड्यावर उभी होते", "पावलं ऐकू आली नाहीत" असं उत्तर मिळालं तर गेम चांगला आहे, मरूनही शिकवतोय. दहातल्या सात वेळा उत्तरच नसेल, किंवा भिंतीआड गेल्यावरही गोळी लागत असेल, तर लॅग आहे. मारणाऱ्याच्या स्क्रीनवर तुम्ही अजून उघड्यावर दिसत असता आणि सर्व्हर बऱ्याचदा त्याचं खरं मानतो. थोडं सगळीकडे होतं, पण पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, मिलिसेकंदांत) १०० च्या वर राहिला तर रोज होईल, आणि ते कुठल्याच ग्राफिक्स कार्डने सुटत नाही.

सावध_नेम

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री घेतला आणि सांगितलं तसंच केलं, एक तास चाळीस मिनिटांत थांबले.

बंदुका अप्रतिम आहेत. म्हणजे खरंच, पहिल्या रायफलचा रिकॉइल पंधरा मिनिटांत हातात बसला, आवाजसुद्धा स्वच्छ. पिंग ४५ ते ६०, मेले तेव्हा बहुतेक वेळा माझीच चूक होती आणि ती मला कळत होती, हे फार बरं वाटलं. पण मोठ्या मॅपवर टेक्श्चर (भिंती-जमिनीवरची चित्रं) मीडियमवर आणूनही मध्येच अडकतंय, दोनदा तर समोरचा माणूस नेमात असताना स्क्रीन थांबली. छोट्या मॅपवर काहीच त्रास नाही. आणि आम्हा चौघांना मोठे मॅपच आवडतात, दोघं गाडीत, दोघं छतावर असं आमचं ठरलेलं असतं.

मैत्रिणीचं मशीन माझ्यापेक्षा जुनं आहे. तिला मी कॉलवर माझी स्क्रीन दाखवत होते, तीच म्हणाली की हे असं असेल तर माझ्याकडे चालणारच नाही, आणि तिच्याशिवाय आम्ही तिघं खेळणार नाही. म्हणून रिफंड टाकलाय. धाकट्याला डाऊनलोड करण्याआधी थांबवलं, तो रुसलाय, पण त्याचे पैसे वाचले. दोन-तीन पॅचनंतर परफॉर्मन्स सुधारल्याचं ४० तासवाल्यांच्या रिव्ह्यूत दिसलं की परत घेईन, कारण गेम मला आवडलाय.

कुणाकडे ८ जीबीचं कार्ड असून मोठा मॅप नीट चालत असेल तर सेटिंग नक्की लिहा, मैत्रिणीकडे ६ जीबी आहे, तिच्यासाठीही काही सुचत असेल तर सांगा.