'ट्रॅकिंग'ला मराठीत काय म्हणावं: पाळत, माग की ओळख?

खानापूरकर: सीसीटीव्हीच्या सॉफ्टवेअरची माहिती मराठीत लिहायची आहे. माणसाभोवती चौकट येते, तिला क्रमांक मिळतो, माणूस चालेल तशी चौकट सरकते. याला 'पाळत' म्हणू की 'ओळख'? कन्नडात 'कण्गावलु' असा नेटका शब्द आहे, डोळ्यांचा पहारा.

शहापूरकर: कण्गावलु म्हणजे सगळा पहारा, हे त्यातलं एक काम. पाळत ठरवून कुणा एकावर ठेवतात, इथे तर दिसेल त्या प्रत्येकाला क्रमांक मिळतो. 'पाठलाग'ही नको, कॅमेरा खांबावरून हलत नाही. 'माग' घ्या. कन्नडातलं 'जाडु हिडि' तेच सांगतं. अडचण एवढीच की बेळगावच्या शहापूर-वडगाव या विणकरांच्या भागात 'तो मागावर आहे' म्हटलं की माणूस विणायला बसलाय असं समजतात. 'माग काढणे' हे निघून गेलेल्याचं. समोर दिसतोय त्याला सुटू द्यायचं नाही, म्हणून 'माग धरणे' बरं.

निपाणीकर: 'माग धरणे' पटलं. 'ओळख' मात्र अजिबात नको, त्याने वाचणाऱ्याची दिशाभूल होते. चेहऱ्यावरून ओळख पटवणं हे वेगळं काम आहे. इथे आधी प्रत्येक फ्रेममध्ये माणसं हेरली जातात, मग मागच्या फ्रेममधली चौकट पुढे कुठे असेल याचा अंदाज बांधून नव्या चौकटींशी जोड्या लावतात. हा अंदाज बहुधा कालमन फिल्टरने बांधतात, आधीच्या हालचालीवरून पुढची जागा काढायची ही गणिती रीत 1960 ची. नाव-गाव कुठेच येत नाही.

जोडी जुळते ती चौकटी एकमेकींवर किती पडतात त्यावर. माणूस सेकंदाला 1.4 मीटर चालतो आणि चौकट अर्धा मीटर रुंद धरा. सेकंदाला 25 फ्रेम (चित्रं) असतील तर तो दर फ्रेमला साडेपाच सेंटिमीटर सरकतो, दोन चौकटींचा सामाईक भाग एकूण व्यापाच्या 80 टक्के राहतो. डिस्क वाचवायला सेकंदाला 5 फ्रेम ठेवल्या तर सरकणं 28 सेंटिमीटर आणि सामाईक भाग 28 टक्के. 2016 च्या 'सॉर्ट' या माग धरायच्या पद्धतीत जोडी जुळायला निदान 30 टक्के सामाईक भाग लागतो, ही मूळ मर्यादा. म्हणजे वेगाचा अंदाज बसण्याआधीच, किंवा माणूस झटकन वळला की, जोडी सुटते.

खानापूरकर: आणि क्रमांक बदलतो, त्याला?

निपाणीकर: दोन वेगळे दोष आहेत, शब्दही दोन हवेत. माणूस बसच्या आड गेला आणि बाहेर आल्यावर नवा क्रमांक मिळाला, तर 'माग तुटला'. 'सॉर्ट'च्या पुढच्या 'डीपसॉर्ट' या पद्धतीत हरवलेला क्रमांक मुळात 30 फ्रेम राखतात, 25 च्या वेगाला जेमतेम सव्वा सेकंद. स्टॉपवर बस त्याहून कितीतरी जास्त थांबते. मर्यादा वाढवावी, पण फार वाढवली की जुना क्रमांक भलत्याच्याच गळ्यात पडतो.

दुसरा दोष 'अदलाबदल'. गणपत गल्लीच्या गर्दीत दोघं एकमेकांना ओलांडतात आणि क्रमांक उलटसुलट होतात. कपड्यांचा रंग-ठेवण जुळवून हे बरंच टळतं, पण पावसात काळ्या छत्र्या उघडल्या किंवा कॅम्पात एकाच गणवेशातले जवान आले की तो आधारही जातो. मग कॅमेरा उंच लावून खाली झुकवणं हाच उपाय, म्हणजे माणसं एकमेकांआड कमी येतात. अगदी डोक्यावर मात्र नको, नुसती डोकी दिसली तर हेरणंच चुकतं.

शहापूरकर: अदलाबदल जास्त घातक. तुटलेला माग दिसतो तरी, अदलाबदल दिसतच नाही. म्हणून '14 क्रमांकाचा माणूस बाहेर पडला' असं लिहू नका, '14 क्रमांकाची चौकट दाराची रेषा ओलांडून गेली' असं लिहा. आणि क्रमांक मोजून गर्दीचा आकडा देऊ नका, माग तुटला की एकाच माणसाचे तीन क्रमांक होतात.